शॅम्पू सोडला, पण डोकं स्वच्छ वाटत नाही

प्रश्न (थोडक्यात): वाचक भगिनी 33 वर्षांच्या आहेत. केस खांद्याखाली, मध्यम दाट. बाळ 5 महिन्यांचं आहे. बाळ 3 महिन्यांचं झालं आणि न्हाताना हातात केसांचे पुंजके यायला लागले. शॅम्पूतल्या केमिकल्समुळे केस गळतायत असं वाटून त्यांनी शॅम्पू बंद केला. आधी खाण्याचा सोडा आणि त्यावर लिंबाचं पाणी असं सुरू केलं. पहिल्या दोन वेळा केस हलके, मोकळे वाटले, मग काथ्यासारखे राठ झाले. म्हणून आता रिठा-शिकेकाई-आवळ्याची तयार पूड पाण्यात कालवून लावतात. तिचा भुगा केसांतून निघत नाही, मुळांशी चिकटपणा राहतो, टोकं कोरडी पडलीत आणि खाज सुटते. रोज रात्री तेल लावणं चालूच आहे. "शॅम्पूचं विष बाहेर पडतंय, सहा आठवडे कळ काढ," असं मैत्रिणी सांगतात. घरचे म्हणतात, गुपचूप शॅम्पू लाव. "धरून ठेवू की सोडून देऊ?" असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर:

तुमच्या पत्रात खरं तर तीन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत: केस का गळतायत, डोकं चिकट का राहतंय आणि शॅम्पूऐवजी काय वापरता येईल. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत. शॅम्पू हा या सगळ्याला जोडणारा धागा वाटतो, पण तो नाही.

गळतीपासून सुरुवात करू, कारण शॅम्पू सोडायचं कारण तेच होतं. गरोदरपणात संप्रेरकांमुळे एरवी गळून गेले असते असे कितीतरी केस डोक्यावरच टिकून राहतात. बाळंतपणानंतर या संप्रेरकांची पातळी झपकन खाली येते, ते सगळे केस एकदमच विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन ते चार महिन्यांनी गळायला लागतात. तुमची गळती बाळ 3 महिन्यांचं असताना सुरू झाली, म्हणजे अगदी वेळेवर. तुम्ही तेव्हा काहीही लावत असता, अगदी नुसत्या पाण्याने न्हात असता, तरी ती सुरू झालीच असती. बहुतेकींची ही गळती बाळ वर्षाचं होईपर्यंत आपोआप थांबते. कपाळाच्या कडेला बोटभर उंचीचे नवे केस उभे दिसायला लागले की समजा, भर पडायला लागली.

आता एक करून बघा. पुढच्या वेळी न्हाताना गळलेले केस गोळा करून काळ्या कापडावर पसरा आणि उजेडात नीट पाहा. केस पूर्ण लांबीचा असेल आणि एका टोकाला खसखशीहून लहान पांढरा ठिपका असेल, तर तो मुळापासून सुटलेला केस आहे. ही बाळंतपणानंतरची गळती. पण इंच-दोन इंचांचे, ठिपका नसलेले तुकडे जास्त असतील, तर ते केस गळलेले नाहीत, तुटलेले आहेत. आणि तुटण्याचं कारण बहुतेक सोडाच. तुमच्या वर्णनावरून मला दोन्ही प्रकार सापडतील असं वाटतं. मोजदाद करताना एवढं लक्षात ठेवा की दिवसाला 50 ते 100 केस गळणं सगळ्यांचंच असतं. चार दिवसांनी न्हायलं की चार दिवसांचे सुटलेले केस एकदम हातात येतात आणि पुंजका भीतिदायक दिसतो.

गळतीवरून एक गोष्ट, तुम्ही विचारली नसली तरी. या काळात गळलेला लांब केस बाळाच्या पायाच्या किंवा हाताच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊन आवळला जाऊ शकतो. बोट सुजतं, लाल होतं, बाळ कारण कळू न देता रडत राहतं. मोजे आणि झबली उलटी करून झटका, रोज एकदा बोटं मोकळी करून पाहा. केस रुतला असेल आणि सहज निघत नसेल तर ओढाताण न करता लगेच डॉक्टरांकडे न्या.

आता "विष बाहेर पडतंय" याबद्दल. त्वचेत शॅम्पूचं विष साठून राहत नाही, त्यामुळे बाहेर पडायलाही काही नसतं. याच समजुतीचं दुसरं रूप म्हणजे "शॅम्पू सोडला की त्वचा तेल कमी करायला शिकते". तेलग्रंथी किती पाझरायचं हे संप्रेरकांच्या सांगण्यावरून ठरवतात, आपण कशाने आणि किती वेळा धुतो ते त्यांच्यापर्यंत पोचत नाही. काहींना महिना-दीड महिन्याने बरं वाटतं हे खरं आहे. कारण कडक शॅम्पूने होणारी जळजळ थांबलेली असते, धुण्याची पद्धत हाताला बसलेली असते आणि थोड्या तेलकट केसांची सवयही झालेली असते. पण खाज, चिकटपणा आणि भुगा हे बरं होण्याचे टप्पे नव्हेत. सहा आठवडे कळ काढून ते जाणार नाहीत, कारण त्यांची कारणं तशीच राहतील.

ती कारणं समजायची तर धुण्यात नेमकं काय होतं ते बघावं लागेल. डोक्यावर पाझरलेलं तेल, लावलेलं तेल, घाम, मृत पेशी आणि धूळ यांचा थर असतो. पाण्याला तेल धरता येत नाही. त्यासाठी एका टोकाने तेल आणि दुसऱ्या टोकाने पाणी धरणारा पदार्थ मध्ये लागतो. शॅम्पूत तो कारखान्यात तयार केलेला असतो, रिठा आणि शिकेकाईत तो झाडाने तयार केलेला असतो आणि त्याला सॅपोनिन म्हणतात. रसायन दोन्हीही आहेत. रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेल्यावर ते किती सौम्य आहे हे लगेच कळतं! त्यामुळे निवड करताना "नैसर्गिक की केमिकल" हा प्रश्न बाजूला ठेवून दोन प्रश्न विचारा: याने तेल निघतं का, आणि हे आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी?

दुसरा प्रश्न सोड्याच्या बाबतीत कळीचा आहे. पीएच हे आम्ल-अल्कली मोजायचं माप: 7 च्या खाली आम्ल, वर अल्कली. डोक्याच्या त्वचेचा पीएच साधारण 5.5 असतो आणि केसाच्या दांड्याचा त्याहून कमी, 3.7 च्या आसपास. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा पीएच 8 च्या वर जातो. एवढ्या अल्कलीत केस फुगतो, त्याच्यावरचे खवले उचलले जातात, केसाला केस घासतो आणि खवल्यांच्या कडा तुटतात. पहिल्या दोन वेळा केस हलके वाटले ते थर निघाल्यामुळे. थर संपल्यावर सोड्याने केसावरच काम सुरू केलं. वरून लिंबू लावल्याने खवले थोडे बसतात, पण तुटलेली कड परत जोडली जात नाही. आणि सोडा-लिंबू एकत्र कालवलं तर जो फसफसून फेस येतो तो फक्त वायू असतो. दोघांनी एकमेकांना मारून टाकलेलं असतं, धुवायला काही उरत नाही. नुसता लिंबाचा रस तर डोक्यावर लावूच नका. तो फारच आम्लधर्मी असतो, आणि नीट न धुता उन्हात गेलात तर कपाळावर, मानेवर भाजल्यासारखे डाग उठू शकतात. सोडा आजपासून बंद. यात "कधीतरी चालेल" असं काही नाही.

राठ झालेला भाग पुन्हा मऊ होणार नाही, तो वाढून कापलाच जाईल. तोवर न्हाण्याआधी तासभर फक्त लांबीला एक लहान चमचा खोबरेल लावा. ते केसाच्या आत शिरतं, धुताना केस कमी फुगतो आणि त्यातलं प्रथिनही कमी जातं. रोज रात्रीचं तेल मात्र थांबवा. तुम्ही रोज थर चढवताय आणि सौम्य वस्तूने तो उतरवायला बघताय. हे गणित जमणार नाही.

चिकटपणा कशाचा आहे हे कंगवा सांगेल. बारीक दातांचा स्वच्छ कंगवा मुळांपासून एकदा ओढा आणि दातांच्या मधे बघा. तपकिरी खरखरीत कण असतील तर ती पूड आहे. पांढरट-राखाडी, मेणासारखं काही असेल तर ते न निघालेलं तेल आहे. मधे कधी अंगाचा साबण वापरला असेल आणि पाणी जड (जास्त क्षारांचं) असेल, तर त्यात साबणाचा चुना, म्हणजे साबण आणि क्षार मिळून बसलेला थरही असतो. पिवळसर, तेलकट पापुद्रे असतील आणि खाली त्वचा लाल असेल तर तो कोंडा आहे आणि त्याचा रस्ता निराळा आहे, तो शेवटी सांगते.

पूड आणि मेण दोन्ही काढायला माझा सल्ला सरळ आहे: एकदा सौम्य शॅम्पू लावा. तुमचा संकल्प त्याने मोडत नाही. आधी कोरड्या केसांतून पूड विंचरून काढा, कारण ओली झाली की ती चिकटते. मग एक लहान चमचा शॅम्पू अर्धा कप पाण्यात कालवून फक्त मुळांना लावा, धुवा आणि हेच पुन्हा एकदा करा. टोकांना कंडिशनर लावा. पाटी कोरी झाल्याशिवाय पुढचं काही चाललं की नाही हे तुम्हाला कळणारच नाही. अजिबात शॅम्पू नकोच असेल तर केसांवर भरपूर कंडिशनर चोळून पाच मिनिटं ठेवा आणि धुवा. त्यातले घटकही थोडं तेल उचलतात. त्यानंतर खाली दिलेला काढा दोनदा लावा.

पर्यायांत मनापासून सांगावा असा एकच आहे आणि तो तुमच्या हातातच आहे: रिठा-शिकेकाई. फक्त पुडीचा लेप नको, गाळलेला काढा हवा. पूड म्हणजे सालीचे, शेंगांचे तंतू; ते पाण्यात विरघळत नाहीत. विरघळतं ते सॅपोनिन, आणि आपल्याला तेवढंच पाहिजे.

तुमच्या लांबीला दोन न्हाण्यांपुरतं प्रमाण असं: 10 रिठ्यांची टरफलं (साधारण 15 ग्रॅम), शिकेकाईच्या 5-6 शेंगा (साधारण 20 ग्रॅम), आवळकाठीचे 4-5 तुकडे आणि 600 मिली पाणी. रिठा फोडून आतलं काळं बी टाकून द्या, त्यात फेस नसतो. शिकेकाईच्या शेंगा मोडून बिया काढा. सगळं स्टीलच्या पातेल्यात रात्रभर भिजवा. पातेलं निम्म्याहून जास्त भरू नका. उकळताना फेस असा वर येतो की गॅस विझतो. सकाळी मंद आचेवर 10 ते 15 मिनिटं उकळा, कोमट झाल्यावर हाताने चांगलं कुस्करा आणि मलमलच्या कापडातून दोनदा गाळा. गाळणीने भागवू नका, बारीक भुगा तिच्यातून सुटतो आणि तुमची मूळ तक्रार परत येते. साधारण 400 मिली तपकिरी, सरबताहून पातळ पाणी मिळेल. बोटांत चोळल्यावर निसरडं लागलं की जमलं.

पातेलं लोखंडी नको. आवळ्या-शिकेकाईतल्या टॅनिनची (तुरट द्रव्याची) लोखंडाशी गाठ पडली की काढा काळा होतो. केसांवर काळसर झाक आणायची असेल तर ठीक, पण टॉवेल आणि उशीचा अभ्रा कायमचे डागतात. आवळा धुण्याच्या कामाचा नाही, तो फक्त आम्लता देतो. टोकं फार कोरडी असतील तर रिठा 10 ऐवजी 6 करा आणि शिकेकाई वाढवा. रिठा जास्त तेल ओढतो, शिकेकाई हळू. मूठभर जास्वंदीची पानं किंवा एक चमचा भिजवलेली मेथी काढ्यात शेवटची पाच मिनिटं घातली तर बुळबुळीत रस उतरतो आणि गुंता कमी होतो. गाळायला मात्र त्रास होतो, म्हणून पहिल्या खेपेला टाळा.

पहिल्यांदा लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा काढा लावून दोन दिवस वाट पाहा. पुरळ, खाज आली तर हा रस्ता तुमच्यासाठी नाही.

लावायची रीतही महत्त्वाची आहे. केस कोमट पाण्याने पूर्ण दोन मिनिटं भिजवा, निम्मं काम तिथेच होतं. काढा तांब्याने ओतू नका, अर्धा खाली वाहून जातो. अरुंद तोंडाच्या बाटलीत भरा आणि भांगाभांगाने थेट त्वचेवर सोडा. बोटांच्या पेरांनी दोन-तीन मिनिटं चोळा. फेस शॅम्पूसारखा येणार नाही, त्याची वाट बघू नका. तेल लावलेलं असेल तर पहिल्यांदा फेस जवळजवळ येतच नाही; धुवून दुसऱ्यांदा लावा, तेव्हा येईल. मान मागे टाकून धुवा, पुढे वाकून नको. डोळ्यांत गेलंच तर चोळू नका, 15 मिनिटं स्वच्छ पाण्याने धुत राहा. जळजळ आणि लाली काही तास टिकू शकते. दुखणं वाढलं किंवा धूसर दिसायला लागलं तर डॉक्टरांना दाखवा. याच कारणासाठी हा काढा बाळाच्या डोक्याला कधीही लावू नका आणि सरबतासारखा दिसतो म्हणून बाटलीवर नाव लिहून वर ठेवा.

काढ्यात टिकवणारं काही नसतं. बाहेर तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आंबतो, फ्रिजमध्ये आठवडाभर चालतो. आंबूस वास आला, तार सुटली की फेकून द्या. बाळ लहान असताना दर वेळी हा पसारा मांडणं जमणार नाही, तेव्हा एकदाच जास्त करून बर्फाच्या साच्यात गोठवा आणि लागतील तेवढे तुकडे आदल्या रात्री काढा.

तुमच्याकडचं पाणी जड असेल तर रिठ्याचा मोठा फायदा आहे: साबण जड पाण्यात चुना धरतो, सॅपोनिन धरत नाही. शेवटच्या पाण्यात व्हिनेगर घालायचं असेल तर 500 मिलीला एक मोठा चमचा, एवढंच. त्याने खवले बसतात, चमक येते, पण व्हिनेगर धुवत नाही. त्वचेवर ओरखडे असतील तर वापरू नका.

बाकीचे पर्याय थोडक्यात. डाळीचं पीठ आणि मुलतानी माती तेल शोषतात, पण लांब केसांतून धुवून काढणं म्हणजे पुन्हा तोच भुगा, शिवाय मोरी तुंबते. माती लावायचीच तर ताकाइतकी पातळ, पाच मिनिटं, वाळू न देता. अंडं थोडं तेल उचलतं, पण पाणी जरा गरम झालं की ते केसांतच शिजतं. कोरफडीने केस मऊ होतात, स्वच्छ होत नाहीत. कापल्यावर जो पिवळा चीक गळतो तो आधी निथळून जाऊ द्या, त्याने खाज सुटते. नुसतं पाणी फार आखूड किंवा कोरड्या केसांना पुरतं, तेल लावणाऱ्यांना नाही. "नैसर्गिक" म्हणून मिळणारी केसांची वडी घेताना घटक वाचा: सोडियम कोकोएट, सोडियम पामेट असेल तर तो साबण आहे, पीएच 9 च्या घरात. सोडियम कोकोइल आयसेथिओनेट असेल तर ती वडीच्या रूपातला सौम्य शॅम्पू आहे.

आणि हो, शॅम्पूकडे परत जाणं हाही मान्य पर्याय आहे. झोप अपुरी, हात बाळात अडकलेले असताना दहा मिनिटांत डोकं स्वच्छ होणं ही लहान सोय नाही. सोडियम लॉरिल सल्फेट काही त्वचांना कोरडं करतं, म्हणून ते पहिल्या काही घटकांत नसेल आणि कोकामिडोप्रोपिल बीटेन किंवा डेसिल ग्लुकोसाइड असेल असा शॅम्पू निवडा. सुट्टीच्या दिवशी काढा आणि मधल्या आठवड्यात शॅम्पू, असंही चालतं. आठवड्यात दोनदा न्हाणं तुम्हाला पुरावं. घाम जास्त येत असेल तर तीनदा.

कंगव्यात पिवळसर पापुद्रे दिसले असतील तर मात्र काढ्याने भागणार नाही. कोंडा त्वचेवर राहणाऱ्या एका यीस्टमुळे वाढतो आणि तेल हे त्याचं खाद्य आहे, म्हणून मुळांना लावलेलं तेल खाज वाढवतं. त्यावर 2 टक्के किटोकोनाझोलचा शॅम्पू आठवड्यातून दोनदा, 3 ते 5 मिनिटं ठेवून, साधारण 2 ते 4 आठवडे वापरतात. बाळाला अंगावर पाजत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. त्या काळात काढा बंद ठेवा, कोंडा आटोक्यात आल्यावर पुन्हा सुरू करता येईल. डोक्यावर नाण्याएवढी जागा मोकळी दिसली, बाळ वर्षाचं झाल्यावरही गळती कमी झाली नाही, किंवा गळतीबरोबर दम लागणं, फार थकवा, वजनात फरक असं काही असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडची तपासणी करून घेण्याबद्दल विचारा.